साइडपट्टीवरची सायकल

12 जानेवारी 2025

आज पडलो. छत्रपती संभाजीनगरात जळगाव रोडवर हर्सूलकडून सिडकोकडे येताना मागून ट्रॅव्हल्सचा हॉर्न वाजला. सवयीने डावीकडे सरकलो आणि पुढचं चाक डांबरावरून साइडपट्टीवर उतरलं. तिथे डांबर आणि मुरूम यांच्यात चार बोटांची पायरी आहे. उतरलो ते ठीक. बस गेल्यावर पुन्हा वर यायला हँडल उजवीकडे वळवलं, तर चाक वर चढेना. डांबराच्या कडेला घासत राहिलं आणि मी उजव्या कोपरावर आपटलो. मागे दुसरं वाहन नव्हतं म्हणून ही नोंद लिहितो आहे.

सायकल आठ वर्षांची हायब्रिड, सरळ हँडलची. ॲल्युमिनियमची फ्रेम, वायरवर चालणारे डिस्क ब्रेक, गिअरच्या पुढे तीन चकत्या, मागे सात. टायर 700 × 32, म्हणजे 32 मिलिमीटर रुंद, तेही घासून गुळगुळीत झालेले. घर एन-11ला, काम चिकलठाणा एमआयडीसीत. जाऊन-येऊन साधारण 15 किलोमीटर रोज.

बऱ्याच दिवसांपासून मनात होतं, आज ठरवलं: हिची ग्रॅव्हल सायकल करायची. म्हणजे रेसरसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर जाड, आणि गिअर असे की घाटही चढता यावा आणि भाजीही आणता यावी. ग्रॅव्हलला आपल्याकडचा शब्द मुरूम. मुरूम शोधायला कुठे लांब जायला नको, शहरातल्या प्रत्येक मोठ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तो आहेच. पाइपलाइनसाठी खोदलेल्या गल्ल्यांत तर रस्त्याच्या मधोमधही आहे. नवी घेणं मला परवडत नाही, म्हणून जुनीच बदलतो. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी चुकांसकट लिहीत जाईन.

19 जानेवारी

मापं घेतली. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांमध्ये सगळ्यात अरुंद जागा 51 मिलिमीटर. पुढच्या चिमट्यात 54. दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर मोकळे सोडायचे, म्हणजे 40चा टायर बसेल. 45चाही बसला असता, पण आपल्या रस्त्यांवर चाक आऊट (वाकडं) व्हायला वेळ लागत नाही, आणि आऊट झालेलं चाक आधी फ्रेमला घासतं. 40 वर थांबलो.

आता पहिली चूक. मापं टायरची घेतली आणि ऑर्डर मात्र हँडलची दिली. डोळ्यासमोर ते वळलेलं हँडलच होतं. हँडल 1,450, सात गिअरचे ब्रेक-गिअर एकत्र असलेले लिव्हर 4,200. टायर “पुढच्या महिन्यात बघू” म्हणून ठेवून दिले.

सातच गिअरचे लिव्हर का? मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) माउंटन सायकलचा आहे आणि शिमानो कंपनीच्या सात गिअरमध्ये रोडचा, म्हणजे रेसर सायकलचा, लिव्हर त्याच्याशी जुळतो. पुढच्या डिरेलरचं तसं नाही, तिथे रोड आणि माउंटनची वायर वेगवेगळी ओढली जाते. म्हणून पुढचा डिरेलर काढूनच टाकायचा आणि पुढे एकच चकती ठेवायची.

2 फेब्रुवारी

जुनं हँडल काढलं. त्याचे गिअर-ब्रेक नव्या हँडलवर चढवून बघू या, असं कुणाला वाटलं तर वेळ घालवू नका. सरळ हँडलची पकडीची नळी 22.2 मिलिमीटरची, वळलेल्याची 23.8. क्लॅम्प आत जातच नाही.

हँडल बसलं, लिव्हर बसले. अंगणात चालवून बघितली तर हात पार पुढे गेलेले. बाबा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, “चांगल्या सायकलीचं हे काय करायलास रे? अंगावर पडल्यागत बसलायस.” मी म्हटलं, सवय होईल.

9 फेब्रुवारी

सवय झाली नाही. सहा दिवस कामावर गेलो-आलो. मान धरली, तळहाताला मुंग्या येतात, करंगळी बधिर होते. बाबांना पहिल्याच नजरेत दिसलं ते मला कळायला आठवडा लागला.

हायब्रिडची फ्रेम सरळ हँडलसाठी लांब बनवलेली असते. वळलेल्या हँडलवर हात ठेवायची जागा आणखी सात-आठ सेंटिमीटर पुढे जाते. उपाय म्हणजे स्टेम, हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा, आखूड करणं. माझा 90 मिलिमीटरचा होता, 50चा आणला, 650 रुपये. चढवल्यावर दहा मिनिटांत फरक कळला. हँडल अर्ध्या बोटाने वर फिरवून घेतलं. आता मनगट सरळ राहतं.

10 फेब्रुवारी, रात्री

ब्रेकबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण ही चूक जिवावर आली असती.

नव्या लिव्हरने जुने डिस्क ब्रेक चालवत होतो. लिव्हर बरेच आत जायचे, वायर ताणून भागवत होतो. आज संध्याकाळी टीव्ही सेंटर चौकात समोर रिक्षा थांबली. दोन्ही लिव्हर पूर्ण दाबले, ते हँडलला टेकले, आणि सायकल चालतच राहिली. पाय टेकवून, बूट घासून थांबलो. रिक्षाच्या मागच्या पत्र्यापासून वीतभर अंतर होतं.

घरी येऊन जुना आणि नवा लिव्हर शेजारी ठेवून दाबून बघितले. जुना वायर जास्त ओढतो, नवा कमी. माझ्या ब्रेकला जास्त ओढणारा लिव्हर लागतो. वायर कितीही ताणली तरी हा हिशोब बदलत नाही. पॅड अगदी जवळ आणून ठेवले तर दोन दिवस चालतं, पॅड जरा झिजले की पुन्हा तेच. विकणाऱ्याने “सगळं चालतं, बिनधास्त लावा” सांगितलं होतं. मीही विचारलं नव्हतं की लिव्हर रोडचा आणि कॅलिपर (चाकाजवळचा ब्रेकचा चिमटा) माउंटनचा असेल तर काय होतं.

रोडच्या लिव्हरसाठी बनवलेले कॅलिपर मागवले. जोडी 3,600. येईपर्यंत सायकल बंद, बसने कामावर. बाकी कशातही काटकसर करा, यात करू नका.

23 फेब्रुवारी

नवे ब्रेक बसले. दोन बोटांनी सायकल उभी राहते.

आज क्रँक (पॅडल ज्याला लागतं तो दांडा) काढायला घेतला आणि तीन संध्याकाळींचं काम मागे लावून घेतलं. पुढच्या तिन्ही चकत्या रिव्हेट मारून जोडलेल्या, सुट्या होत नाहीत, म्हणून अख्खा क्रँक बदलायचा. त्यासाठी 350चा पुलर आणला. पुलर क्रँकच्या आट्यांमध्ये शेवटपर्यंत फिरवायचा असतो. मी चार-पाच आटे बसले की दांडा फिरवायला लागलो. डावा क्रँक निघाला. उजव्या बाजूला कर्र आवाज झाला आणि पुलर हातात आला. त्याच्याबरोबर ॲल्युमिनियमच्या आट्यांची चकचकीत तार, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. क्रँक तसाच घट्ट.

26 फेब्रुवारी

हातोडा मारून बघितला, गरम पाणी ओतून बघितलं. हलला नाही. शेवटी सायकल ओढत शहागंजला नेली. तिथे लहानपणापासून ओळखीचे एक मिस्त्री चाचा आहेत, त्यांनी क्रँककडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “नट ढीला करके दो चक्कर मारके आओ. खुदीच निकलता.”

नट दोन आटे सैल केला, डावा क्रँक परत लावला आणि घड्याळाच्या मनोऱ्याभोवती फेऱ्या मारल्या. उभं राहून जोर दिला. चौथ्या फेरीत पायाखाली टक् झालं आणि क्रँक सैल झाला. चाचांनी पाचही पैसे घेतले नाहीत. माझ्या तीन संध्याकाळी आणि त्यांचं एक वाक्य.

मागचं फ्रीव्हील (मागच्या सात चकत्यांचा गठ्ठा) मात्र त्यांच्याकडेच काढून घेतलं, शिकंज्यात चाक उलटं अडकवून. दोन माणसं लागली. नवं 14 ते 34 दातांचं बसवलं, 900. नवा क्रँक 36 दातांचा, 1,900. सगळी मजुरी 400.

पॅडल लावताना लक्षात ठेवा, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. हे मला माहीत होतं म्हणून निदान नव्या क्रँकचे आटे वाचले.

2 मार्च

चेन नवी, 550. वायरी आणि त्यांचे बाहेरचे पाइप, 600. हँडलला टेप गुंडाळली, पण वरून खाली. ती चार दिवसांत घामाने सरकली आणि घड्या उघडल्या. टेप हँडलच्या टोकापासून सुरू करून वर आणायची असते, म्हणजे वरचा पदर खालच्यावर बसतो आणि हाताच्या दाबाने उघडत नाही. दुसरी आणली. 450 दोनदा गेले.

36 आणि 14वर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. मिनिटाला 80 फेऱ्या मारल्या तर ताशी 27 किलोमीटर. शहरात याहून वेग लागत नाही. 34वर एका फेरीत सव्वादोन मीटरच्या थोडी वर, म्हणजे घाटात उतरायची वेळ येणार नाही. तीन चकत्यांची उणीव आतापर्यंत एकदाही भासलेली नाही.

खड्ड्यात चेन मात्र पडायची, सुरुवातीला रोज एकदा तरी. पुढे डिरेलर नाही, त्यामुळे तिला धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं. चेन दोन कड्यांनी आखूड केली आणि जुन्या क्रँकचं चेन-गार्ड बाहेरून बसवलं. त्यानंतर पडलेली नाही.

9 मार्च

टायर आले. दोन टायर 3,300, ट्यूब 560. मध्ये बारीक नक्षी, कडेला मोठ्या गुठळ्या. ट्यूब मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हच्याच घेतल्या. बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असला की पेट्रोल पंपावरची नळी बसत नाही, आणि पंक्चरवाल्यालाही अडचण होते.

पंपावर हवा भरून घेतली. घरी येईपर्यंत कंबर हादरली. वाटलं जुनेच बरे होते. चाचांकडे नेली. त्यांनी अंगठ्याने टायर दाबला. “इत्ती हवा कायकू मारे? पत्थर कर दिये टायर कू.” गेज लावला तर 70 पीएसआय. माझं वजन 72 किलो. त्यांनी सोडत सोडत 40वर आणली.

तिथून घरी येईपर्यंतचा रस्ता मी कधी विसरणार नाही. रोजच्याच गतिरोधकांवरून, रोजच्याच खड्ड्यांतून गेलो. हात हँडलवर नुसते टेकलेले. जिथे खोदून मुरूम दाबलेला आहे, डांबर अजून पडलेलं नाही, त्या पट्ट्यात टायरचा आवाज बदलला. डांबरावर बारीक गुणगुण होती, ती थांबून कुरकुर सुरू झाली, आणि सायकल जराही न डगमगता सरळ गेली. तो पट्टा मी मागे वळून पुन्हा एकदा चालवला.

आजवरचा खर्च 19,360. त्यातला टायर-ट्यूबचा जेमतेम पाचवा हिस्सा, आणि मला हवं ते सगळं या पाचव्या हिश्शाने दिलं. जो कुणी हे करणार असेल त्याने आधी टायर बदलावेत आणि महिनाभर चालवून बघावी. हँडल बदलायची गरज वाटलीच नाही, तर बाकीचे पैसे वाचतील. मला हँडल आवडतं, वाऱ्यात खाली वाकता येतं, तीन ठिकाणी हात बदलता येतात. पण ते नंतरचं.

16 मार्च

हवा कमी करण्याचा मोह अति झाला. 28वर आणली, गादीवर बसल्यासारखं वाटलं. आझाद चौकाच्या अलीकडे गतिरोधकावर पूर्ण वेगात गेलो आणि मागचं चाक बसलं. ट्यूब काढली तर शेजारी-शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. टायर रिमपर्यंत दबला की ट्यूब मध्ये चिमटली जाते. आता पुढे 38, मागे 42. दर रविवारी गेजने बघतो, अंगठ्याचा अंदाज मला अजून येत नाही.

30 मार्च, पाडवा

गुढी उभारून सकाळी सातला निघालो. टाउन हॉल, मकाई दरवाजा, खाम नदीचा पूल, तिथून बेगमपुऱ्यातून विद्यापीठ. मकाई दरवाज्याच्या कमानीतून एका वेळी एकच मोठं वाहन जातं. दोन्ही बाजूंना गाड्या ताटकळल्या होत्या. मी कडेच्या दगडगोट्यांवरून हळूच पुढे गेलो. विद्यापीठाच्या आवारातून लेण्यांच्या डोंगराकडे गेलो. डांबर सोडून पायवाटेसारखी मुरमाची वाट धरली. जुन्या टायरवर इथे उतरून ढकलत न्यायचो. आज 34वर बसल्या बसल्या चढलो. खाली बीबी का मकबऱ्याचा घुमट आणि त्याच्यामागे अख्खं शहर धुरकट दिसत होतं.

येताना गुलमंडीवरून इमरती घेतली. एकाच सायकलवर डोंगर आणि इमरती एका सकाळीत झाली.

20 एप्रिल

उन्हाळा. कामावर साडेसहालाच निघतो, परतताना मात्र ऊन असतंच.

या महिन्यात एक गोष्ट नीट शिकलो, तीच या सगळ्या कामाचं मोल आहे असं मला वाटतं. मागून मोठं वाहन आलं की मी आता साइडपट्टीवर उतरतो. घाबरून नाही, ठरवून. उतरताना पेडल आडवी ठेवायची, सीटवरून जरा उठायचं, कोपर सैल, ब्रेक अजिबात नाही. मुरमावर शंभर-दोनशे मीटर तसंच चालवत राहायचं. परत चढताना कडेला समांतर राहून चढायला जायचं नाही, जानेवारीत तिथेच पडलो. आधी डावीकडे हातभर सरकायचं, म्हणजे कड आणि चाक यांच्यात कोन मिळतो. मग मागे बघून, पुढचं चाक हलकं करून कड ओलांडायची. रिकाम्या वेळी बीड बायपासच्या कडेला वीस-पंचवीस वेळा सराव केला.

आधी माझ्याकडे डांबराच्या कडेची एक वीत जागा होती. आता तिच्या डावीकडची पाच-सहा फूट मुरमाची पट्टीही माझीच आहे. तिथे ना ट्रक येतो, ना बस. चहाच्या टपऱ्या, पंक्चरवाले आणि उसाच्या रसाची गुऱ्हाळं सगळी त्याच पट्टीला लागून आहेत. रोज जाता-येता लोक हात करतात.

8 जून

यंदा मे महिन्यातच पाऊस आला. मुरमाच्या भरवशावर आज हर्सूलच्या पलीकडे शेतातल्या गाडीवाटेने गेलो. मुरूम संपला आणि काळी माती सुरू झाली. दहा मीटरही गेलो नसेन. दोन्ही चाकं आणि मडगार्ड यांच्यात माती ठासून भरली आणि चाक फिरायचंच बंद झालं. ढकलता येईना, उचलली तर दुप्पट वजन. बाभळीच्या काटकीने माती कोरत तासभर गेला. शेतातले एक काका आले. म्हणाले, “या मातीत बैलगाडी घालत न्हाई आमी पाऊस पडल्यावर. तुमी सायकल घातली व्हय?” पाण्याची कळशी त्यांनीच आणून दिली.

40चा टायर असो की 50चा, ओल्या काळ्या मातीवर उपाय नाही. पावसाळ्यात मुरूम नाहीतर डांबर. घरी येऊन मडगार्ड बोटभर वर उचलून बसवले, पाच-सहा मिलिमीटर फट होती ती पंधरा झाली. चेन रॉकेलने धुतली. बीबीत (क्रँक ज्यावर फिरतो त्या बेअरिंगमध्ये) पाणी गेलं असेल म्हणून तेही उघडलं, कोरडं होतं.

13 जुलै

कॅरिअर बसवला. जाधववाडीतून 11 किलो भाजी आणली. मागे वजन असलं की मागची हवा 48 करतो. आई म्हणते, स्कूटर काढायची तर आता गरजच पडत नाही.

सप्टेंबर

अतिवृष्टीने मराठवाड्यातली शेतंच्या शेतं वाहून गेली. मामाच्या शेतातली बांधाची मातीसुद्धा राहिली नाही. तीन रविवार तिकडे गेले. सायकलची नोंद नाही.

12 ऑक्टोबर

पावसाने साइडपट्टीवर गवत माजलं होतं, आता ते वाळतंय आणि त्यात सराटे आहेत. या आठवड्यात तीन पंक्चर. प्रत्येक वेळी टायरमध्ये तोच सराट्याचा काटा. घरी टायर काढून आतून कापड फिरवलं तेव्हा आणखी चार टोकं सापडली, अजून ट्यूबपर्यंत पोचली नव्हती. नखाने निघत नाहीत, बारीक चिमट्याने बाहेरून ओढावी लागतात. ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारं द्रव टाकलं. चाक मात्र दोन-तीन मिनिटं फिरवत राहावं लागतं, नाहीतर ते खालीच साचतं.

आज छावणी, मिटमिटा, शरणापूर करत दौलताबादला गेलो. किल्ल्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या लागल्यात, सगळ्या साइडपट्टीवरच. सहा किलो घेतली, डोळे उघडलेली, आज-उद्या पिकतील अशी. बाईंनी पिशवीत खाली गवत घालून दिलं. कॅरिअरवर जुन्या 32च्या ट्यूबने बांधली, फळांना हादरे कमी बसावेत म्हणून मागची हवा दोन पॉइंट उतरवली.

परतीच्या वाटेतले तीन किलोमीटर तरी मुरमावरून. घरी पिशवी उघडली. सगळ्यात वरचं एक फुटलं होतं, ते बाबांनी तिथेच उभ्या उभ्या खाल्लं.